पडदेवालीचं टेबल आणि कॅप्टनची बॅटरी

पडदेवालीचा राग कुणाला बघायचा असेल, तर त्याने तिच्यासमोर नुसता टेबलाचा विषय काढावा आणि दाराजवळच उभं राहावं. पळायला सोपं जातं. एरवी बाई वाईट नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलते, शेजाऱ्यांशी खारट आणि नवऱ्याशी तिखट, म्हणजे बेचव असं तिच्या तोंडून काही निघत नाही.

ती गादीवाल्याची मुलगी. लहानपण कापसात गेलं, त्यामुळे शिंक आणि राग या दोन गोष्टी तिला अडवून धरता येत नाहीत असं तिची आईच म्हणायची. बापाने तिला उशी भरायला शिकवली, खोळ शिवायला शिकवली, आणि कापड कापताना श्वास रोखून धरायला शिकवलं. लग्न होऊन ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. तिथे बाहेरच्या खोलीत फरशीवर कापड पसरून, गुडघ्यांवर रांगत तिने पडदे शिवायला सुरुवात केली. नवरा कामावरून यायचा आणि कापड ओलांडून आत जायचा. त्याच्या चपलेचे ठसे कितीतरी दिवाणखान्यांत, अस्तराच्या आतल्या बाजूला, अजूनही लटकत असतील.

असं करता करता गुडघे गेले. उठताना भिंत धरावी लागायला लागली. त्याच सुमारास पलीकडच्या रस्त्यावरचा छापखाना बंद पडला आणि त्याचं सामान निघालं. त्यात एक टेबल होतं. जाड फळ्यांचं, शाईच्या डागांनी काळंनिळं झालेलं, आणि एवढं लांब की एका टोकाला बसलेल्याने दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारावी. पडदेवालीने ते स्वतःच्या कमाईतून घेतलं. दारातून जाईना म्हणून खिडकीची चौकट काढावी लागली. तिच्या लग्नात आली नसतील इतकी माणसं ते टेबल आत घ्यायला जमली होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा उभ्याने कापड कापलं. एका झटक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या पडद्याची खालची कड पट्टी लावून बघावी इतकी सरळ येते असं लोक म्हणायला लागले, ते तेव्हापासून.

आणि मग नवरा निवृत्त झाला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळा जन्म अंधाऱ्या भोकात, तेलकट दोरखंडांच्या संगतीत वरखाली करण्यात गेला. निवृत्तीनंतर या गृहस्थाला वाटलं, आता उडावं. स्वतः उडण्याचं वय नव्हतं आणि वजनही नव्हतं, म्हणून त्याने विमानं घेतली. फोमच्या पंखांची, हातभर लांबीची, रिमोटवर उडणारी. गावाबाहेरच्या माळावर असल्या हौशी लोकांचा एक क्लब होता. पहिल्याच महिन्यात त्याने तिथे एक विमान बाभळीत घातलं आणि गल्लीने त्याला ‘कॅप्टन’ ही पदवी बहाल केली. त्याला ती मनापासून आवडली. चेष्टा कळायला उठून जरा लांबून बघावं लागतं, आणि उठणं हा त्याचा प्रांत नव्हता.

इथे बॅटरी आली.

या विमानांची बॅटरी लिथियमची असते. साबणाच्या वडीएवढी, आत चंदेरी पातळ पाकिटं एकावर एक रचलेली. कॅप्टनच्या बॅटरीत तीन होती. त्यांना सेल म्हणतात. तिला एक जाड वायरींची जोडी असते, जिच्यातून वीज आत जाते. शिवाय बारीक वायरींचा एक पांढरा प्लग असतो. त्या पांढऱ्या प्लगमधून चार्जर तिन्ही सेलमध्ये वेगवेगळं डोकावून बघतो. कोण किती भरला, कोण मागे राहिला. तीन भावांना एका ताटात वाढल्यासारखं आहे ते. एकाने जास्त ओरपलं तर तो फुगतो, आणि फुगलेला भाऊ घर पेटवतो. म्हणून तिघांना सारखं भरायचं. याला बॅलन्स करणं म्हणतात.

क्लबच्या शेडमध्ये भिंतीवर नियम रंगवलेले होते. बॅटरी न जळणाऱ्या जागेवर ठेवा. जवळपास कापड, कागद नको. फुगलेली बॅटरी लावू नका. विमान आपटलं तर त्यातली बॅटरी उघड्यावर बाजूला ठेवा, लगेच चार्ज करू नका. बॅटरीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त अँपिअर देऊ नका. आणि बॅटरी चार्ज होत असताना तिला सोडून जाऊ नका.

कॅप्टनने सगळे नियम वाचले आणि शेवटचा छातीशी धरला.

झालं. पडदेवालीच्या लांबलचक टेबलाच्या अर्ध्या भागावर चार्जर आला, बॅटरीखाली ठेवायला एक जुनी सुटी फरशी आली, विमानाचे पंख आले, फेविकॉल आला. टेबलाखाली वाळूची बादली आली, आणि तिच्यावर पडदेवालीच्या पायाचा अंगठा दररोज आपटायला लागला. आणि बादलीशेजारी खुर्ची आली. खुर्चीत कॅप्टन.

“अहो, पाणी आलंय, भरून घ्या.”

“बॅटरी लावलीय गं. उठता येत नाही.”

“दारात कुणीतरी आलंय.”

“बॅलन्स होतंय. आत्ता हललो तर पंचाईत.”

“विजेचं बिल भरायचा आज शेवटचा दिवस आहे.”

“नियम आहे. मी नाही केलेला.”

असं सकाळी नाष्ट्यानंतर लागलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत चालायची, आणि जेवणानंतर दुसरी लागायची. आठवड्यातून एकदा विमान उडणार पाव तास, आणि त्यासाठी माणूस बसणार आठवडाभर. पडदेवाली मनात म्हणायची, घरात आजारी माणूस असता तर त्याच्या उशाशीसुद्धा हा एवढा बसला नसता. नियमांपैकी कापड जवळ नको हा नियम त्याच्या कोपराला रोज घासत होता. डावीकडे अस्तराचे तागे, उजवीकडे फोमचे तुकडे. पण तो पाळायचा तर उठावं लागलं असतं.

वरच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. भावाची बाजू घ्यायला ती जिना उतरून खाली यायची, म्हणजे तेवढी तिला उठायची सवय होती.

“वहिनी, दादा बिचारा एका जागी बसलेला असतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“अध्यात नाहीत वन्सं, मध्यात आहेत. माझ्या टेबलाच्या बरोबर मध्यात.”

“व्यसन नाही, पत्ते नाहीत. लोकांचे नवरे बघ.”

“लोकांचे नवरे लोकांना लखलाभ. लोकांची टेबलं बघून मला पोटात दुखतं.”

हा नुसता बोलण्याचा राग नव्हता. टेबल अर्धं झालं तसं पडदेवालीला कापड दुमडून कापावं लागायला लागलं. दुमडलेलं कापड घसरतं. वरची घडी एक बोलते, खालची दुसरं. एके दिवशी वकीलबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी नवा शिवलेला पडदा परत आणून टेबलावर ठेवला.

“हा पडदा लंगडतोय,” त्या म्हणाल्या. “एक पाय फरशीला लागतो, एक लागत नाही. मला वाटलं आमची फरशीच तिरकी आहे. गवंड्याला बोलावलं, तर तो मलाच हसला.”

पडदेवालीने मापाची टेप लावली. दोन बोटं कमी. तिच्या आयुष्यात पडदा परत आलेला नव्हता. तिने तो ठेवून घेतला, वकीलबाईंना दुसरा शिवून देते म्हणाली, त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि परत आली. कॅप्टन खुर्चीत बसून चार्जरकडे बघत होता.

“ऐकलंत?”

“फरशी तिरकी असेल त्यांची,” कॅप्टन म्हणाला.

त्या दिवशी ती रागावली नाही. इतकी रागावली होती की राग बाहेर यायला जागाच मिळेना, तो आतच घट्ट बसला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला सभागृहाचं काम आलं. नाटकं, भाषणं, बक्षीससमारंभ असलं सगळं जिथे होतं, ते गावातलं मोठं सभागृह. खिडक्यांना छतापासून जमिनीपर्यंत पडदे हवे होते, जाड कापडाचे, मागे काळं अस्तर. व्यवस्थापक येऊन कापडाचे तागे टाकून गेला. जाताना म्हणाला, “आधी एक पडदा करून दाखवा. कड सरळ आली तर सगळे तुमचे. कापड मोजकंच आहे बरं, चुकलं तर परत मिळायचं नाही.” असं काम तिच्याकडे कधी आलेलं नव्हतं आणि या गुडघ्यांना पुन्हा येईल अशी आशाही नव्हती. ते कापड दुमडून कापणं म्हणजे जाणूनबुजून नाव बुडवणं होतं. तिला सगळं टेबल हवं होतं.

“अहो, तुमचा संसार उचला टेबलावरून.”

“कुठे नेऊ?”

“मागच्या आवारात शेड आहे. टाकीशेजारी.”

“तिथे वारा लागतो बॅटरीला.”

“वारा लागतो? तुमचं विमान काय बंद कपाटात उडतं?”

“बरं, ही होऊ दे पुरी, मग बघू.”

ही पुरी झाली की दुसरी लागे. पडदेवाली सभागृहाचे तागे खिडकीपाशी उभे करून रोज त्यांच्याकडे बघायची. व्यवस्थापकाने दिलेली मुदत जवळ यायला लागली. तागे तिच्याकडे असे बघायचे, जशी न्यायला कुणी आलं नाही म्हणून शाळेत मागे राहिलेली पोरं बघतात.

अशात एका दुपारी दातवाले डॉक्टर आले. हे गल्लीच्या तोंडावर दवाखाना असलेले दंतवैद्य, कॅप्टनच्या क्लबातले. स्वच्छ, नीटनेटका, कुणाचंही वाकडं बोलायचं नाही आणि खरं लपवायचं नाही असा माणूस. असली माणसं संसारात फार घातक असतात. त्यांचं काही काम नव्हतं, नवीन पंख बघायला आले होते. पडदेवाली टेबलाच्या आपल्या अर्ध्या बाजूला वकीलबाईंचा पडदा पुन्हा कापत होती.

“ही लावलीय ती काल नाकावर पडलेल्या विमानातलीच का हो?” डॉक्टरांनी बॅटरीकडे वाकून विचारलं.

“कोपरा जरासा दबलाय, बाकी काही नाही,” कॅप्टन म्हणाला.

“तरी दोन दिवस थांबायचं होतंत. आणि हे कापड? अहो, केवढं जवळ आहे.”

“मी बसलेलो असतो ना.”

डॉक्टर आणखी वाकले. “पॉइंट पाच अँपिअरवर लावलीय तुम्ही? पॉइंट पाच?”

कॅप्टनने टेबलाखालून डॉक्टरांच्या पायाला पाय लावला. डॉक्टरांनी पाय बाजूला घेतला आणि “सॉरी” म्हणाले.

“बावीसशेची बॅटरी आहे कॅप्टन. दोन पॉइंट दोनवर लावा, तासाभरात मोकळे व्हाल. असं लावून चार-पाच तास बसता की काय तुम्ही?”

“हळू लावलेली बरी असते. आयुष्य वाढतं.”

“बॅटरीचं की तुमचं?” डॉक्टर हसले. “हळू लावण्यात धोका काही नाही म्हणा. पण एवढा वेळ रिकामा बसणार कोण?”

पलीकडे कात्री थांबली.

पडदेवालीने वर बघितलं नाही. ती मनात हिशेब करत होती. तासाभरात होणारं काम. पाण्याची भांडी, बिलं, भाजी, दारातली माणसं, वरच्या माळ्यावरची ट्रंक, तिचे गुडघे, वकीलबाईंचा लंगडा पडदा. सगळं त्या एका आकड्यात बसलेलं. बॅलन्स होत होतं म्हणे. नियम होता म्हणे. माणसाने आळशी असावं, तिची हरकत नव्हती, तिचा बापही दुपारी कापसात झोपायचा. पण आळसाला असं शास्त्राचं अस्तर लावून, वर शिलाई घालून बायकोला विकावं?

“चला, तुम्हाला फाटकापर्यंत सोडतो,” कॅप्टन घाईने म्हणाला. उठता येत होतं तर. “अगं, जरा लक्ष ठेव हं याच्यावर. हलू नकोस.”

दोघं गेले. पडदेवाली कॅप्टनच्या खुर्चीत जाऊन बसली. चार्जर समोर होता, चार बटणांचा, निळ्या उजेडाच्या डिस्प्लेचा. कुठलं बटण कशाचं हे तिला पाठ होतं, रोज डोळ्यांसमोर तेच चाललेलं. तिने थांबवायचं बटण दाबलं. आकड्यावर आली. पॉइंट पाच. बाण दाबला. एक झाला. दोन झाले. डॉक्टर म्हणाले होते दोनच्या जरा पुढे, एका तासात. पण तिला एक तासही नको होता. ती मशीनवर बसणारी बाई. पॅडल जोरात दाबलं की टाका तोच पडतो, फक्त भराभर पडतो. विजेचंही तसंच असणार. तिने बाण दाबून धरला. पाच. मग सुरू करायचं बटण दाबून धरलं, चार्जरने तीन सेल आहेत ना असं विचारलं, तिने हो म्हणून सांगितलं.

‘अर्ध्या तासात उठवते तुम्हाला,’ ती मनात म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

कॅप्टन परत आला. अपराधी माणूस जसा जास्त बोलतो तसा थोडा वेळ डॉक्टरांविषयी बोलला, माणूस चांगला पण अनुभव कमी वगैरे. मग त्याने वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. बॅटरीजवळ बसायचं हा नियम होता, जागं राहायचं असं भिंतीवर कुणी लिहिलेलं नव्हतं. पडदेवालीने मशीन सुरू केलं. पुष्कळ दिवसांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं. मुद्देमालासकट चोर पकडायचा बेत होता. बॅटरी भरली की जाऊन म्हणायचं, झाली की हो, आता कसं करता?

वास आला तेव्हा तिला आधी वाटलं शेजारी कुणी नखांचा रंग पुसतंय. गोडसर, डोक्यात जाणारा. मशीनच्या तेलाला असा वास नसतो. ती वळली. फरशीवरची बॅटरी बदललेली दिसत होती. मघाशी साबणाची वडी होती, आता तिचं पोट वर आलं होतं. ती गादीवाल्याची मुलगी. गच्च भरलेली उशी उसवायच्या आधी कशी दिसते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“अहो, उठा.”

“होतंय अजून,” वर्तमानपत्राखालून आवाज आला.

“उठा म्हणते ना.”

“बॅलन्स होतंय गं.”

“फुगलीय ती.”

वर्तमानपत्र खाली पडलं. त्यानंतर जे झालं ते बघून पडदेवालीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की लिफ्ट अडकली की या माणसाला रात्रीबेरात्री का बोलवत असत. त्याने एका हाताने चार्जर थांबवला, दुसऱ्याने जाड वायर आणि पांढरा प्लग सोडवला, आणि बॅटरीला हात न लावता खालची फरशी दोन्ही हातांनी ताटासारखी उचलली.

“दार,” एवढंच म्हणाला.

ती पुढे धावली. तागे पायाने ढकलले, दार उघडलं, बाजूला झाली. तो तोल सांभाळत, भरलेल्या पातेल्यासारखी ती फरशी घेऊन आवाराच्या मधोमध गेला. ती मागून वाळूची बादली घेऊन निघाली. बादली जड होती आणि गुडघे तिला आपण कोण आहोत याची आठवण करून देत होते. तो वाकून फरशी खाली ठेवतोय तेवढ्यात फुस्स झालं. पांढरा धूर, आणि धुरातून जाळाची एक जीभ, जी त्याच्या डाव्या हातावरून गेली. तो मागे सरला. तिने लांबूनच बादली ओतली. एक सेल पेटला, मग वाळूखाली दुसरा, मग तिसरा. भाऊ एकामागून एक गेले.

“दादा, काय रे पेटवलंस?” वरच्या खिडकीतून नणंद म्हणाली.

खोलीत कापडाचा एक धागा जळला नव्हता. पुढची दोन मिनिटं बॅटरी खोलीतच असती तर काय झालं असतं हे तागे, फोम आणि अस्तर बघून कुणालाही समजत होतं. कॅप्टनचा हात भाजला होता. दवाखान्यात पट्टी बांधली, मलम दिलं, पाण्यात घालू नका म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच बोलणं झालं. कॅप्टनने घर वाचवलं. जळती बॅटरी हातात धरून नेली म्हणे. कुणाच्या तोंडी ती दोन बॅटऱ्यांची झाली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचेतो विमानच पेटलं होतं. नणंद जिना चढता उतरता सांगत होती, “मी म्हणतच होते, दादा बसतो ते उगीच नाही बसत.”

पडदेवाली दातओठ आवळून ऐकत होती. तिला ओरडून सांगायचं होतं की तो झोपला होता. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारातून आली आणि दारातच थांबली. टेबल रिकामं होतं. चार्जर नव्हता, पंख नव्हते, खुर्चीही नव्हती. कॅप्टन एका हाताने फडकं घेऊन फेविकॉलचे डाग खरवडत होता.

“शेडमध्ये नेलं सगळं,” तो म्हणाला. “चूक माझी. पडलेली बॅटरी लावायलाच नको होती. टेबल तुझं.”

एवढं बोलून तो मागच्या आवारात गेला.

हे वाक्य ऐकायला ती किती दिवस थांबली होती. आलं ते असं, जणू दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज. अंगात जाईना आणि परतही करता येईना. माणसाने भांडून हरावं, रडून हरावं, हे काय, आपल्या पापावर दुसऱ्याने माफी मागावी आणि आपण टेबल घेऊन मोकळं व्हावं? तिला त्याचा असा राग आला, जसा आळसाचा कधी आला नव्हता. आळशी होता तेव्हा निदान ती बरोबर होती.

तिने सभागृहाचा तागा उलगडला. कापड टेबलभर पसरलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक सुरकुती नाही. खडूने रेघ मारली. कात्री घेतली. उद्याच व्यवस्थापक पहिला पडदा बघायला येणार होता. कात्रीचं तोंड कापडाला लागलं आणि हात पुढे जाईना. तिने पाणी प्यायलं, पुन्हा आली. पुन्हा तेच. मोजकं कापड, चुकलं तर परत मिळायचं नाही. बाप म्हणायचा, कापताना श्वास रोखून धर. तिला श्वास रोखता येईना, कारण छातीत दुसरंच काहीतरी भरलेलं होतं.

तेवढ्यात नणंद आली. “अगं बाई, झालं का मोकळं टेबल? बिचाऱ्याने हात भाजून घेतला तेव्हा कुठे तुझं समाधान झालं.”

“वन्सं,” पडदेवाली म्हणाली, “तुम्ही आत्ताच्या आत्ता वर जा. माझ्या हातात कात्री आहे.”

नणंद गेली. त्या जिन्याने तिला एवढ्या वेगाने वर जाताना पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

पडदेवालीने कात्री ठेवली आणि सरळ मागच्या आवारात गेली. शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर फरशी, फरशीवर एक जुनी, न फुगलेली बॅटरी. कॅप्टन पट्टीचा हात मांडीवर ठेवून बसला होता.

“तो आकडा मी वाढवला,” ती दारातूनच म्हणाली. “पाच केला. तुम्ही डॉक्टरांना सोडायला गेलात तेव्हा. तुमची बॅटरी पडलेली होती म्हणून नाही फुगली.”

“पडलेली होती म्हणूनही फुगली,” कॅप्टन म्हणाला. “पाचचं मला ठाऊक आहे.”

“कसं ठाऊक?”

“बंद करायला हात घातला तेव्हा समोरच होतं की. पाच.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू विचारलं असतंस, आधी किती होता.”

“मला माहितीये आधी किती होता. डॉक्टर बोलत होते तेव्हा माझे कान काय शिवलेले होते?”

“म्हणून तर नाही बोललो.”

“म्हणजे सकाळची ती माफी खोटी?”

“खोटी कशाला? पडलेली लावली ती माझी चूक. तुझ्या कापडाशेजारी लावली ती माझी चूक. आकडा वाढवलास ती तुझी. माझ्या मी कबूल केल्या. तुझी तू बघ.”

“घर जळलं असतं.”

“हो.”

“तुमच्या आळसापायी.”

“आणि तुझ्या रागापायी.”

“माझा राग तुमच्यामुळे आला.”

“माझा आळस मात्र कुणामुळे आलेला नाही. जन्मापासूनचा आहे.”

तिला हसू आलं असतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. भाजलेल्या हाताकडे बघितलं. पट्टी ओली झाली होती. फेविकॉल खरवडताना भिजली असणार. सांगितलं होतं पाण्यात घालू नका म्हणून. एक नियम धड पाळेल तर शपथ. तिला पुन्हा राग आला. पण हा निराळा होता. त्याला आत कोंडायची गरज नव्हती, तो सरळ बाहेर पडत होता आणि बाहेर पडला की हात हलका होत होता.

“कितीवर लावलीय ही?” तिने चार्जरकडे बोट दाखवलं.

“दोन पॉइंट दोन.”

“काढा. नंतर लावा. मी इथे बसणार नाही आणि तुम्ही मला तिकडे लागणार आहात.”

“कुठे?”

“कापड धरायला. तो तागा एकटीच्या हाताला नाही ऐकत.”

“माझा हात…”

“दुसरा आहे ना? उजवा काय सभागृहाने नेला?”

त्याने चार्जर थांबवला, दोन्ही प्लग काढले, बॅटरी पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग तिच्या मागोमाग आत आला आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिला. तिने पट्टी बदलली, तीही बडबडत. मग कापडाचं टोक त्याच्या उजव्या हातात दिलं.

“ओढू नका. धरा.”

“धरलंय.”

“ओढताय. ओढणं वेगळं, धरणं वेगळं. जन्मभर दोरखंड ओढलेत, एकदा कापड धरून बघा.”

त्याने हात सैल केला. कापड सपाट झालं, खडूची रेघ सुतासारखी सरळ दिसायला लागली. तिने कात्री लावली. या वेळी श्वास रोखला गेला. कात्री न उचलता, न थांबता, छापखान्याच्या शाईचे सगळे डाग पार करत त्याच्या टोकापाशी पोचली आणि कड अलगद खाली पडली. तिने टेप लावली, इकडे, मध्ये, तिकडे. मग टेप गळ्यात अडकवली.

“झालं? सोडू?” कॅप्टनने विचारलं.

“अस्तर राहिलंय अजून,” ती म्हणाली. “आणि हे एका खिडकीचं झालं. सभागृह काय एका खिडकीचं असतं? नीट धरा. पुन्हा ओढताय.”